खरबुजाचा मिल्कशेक कडू का होतो, आणि रोज खरबूज खाऊन खरंच काही मिळतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. उन्हाळाभर घरात खरबूज येतं, त्याचा अंगाला उपयोग किती? आणि सकाळी केलेला मिल्कशेक तासाभरात कडू झाला, म्हणजे फळ नासकं होतं का?

आधी मिल्कशेकचं सांगते. फळ नासकं नव्हतं. खरबुजाच्या गरात क्युक्युमिसिन नावाचं एन्झाइम असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि ते तुकडे जिभेला कडू लागतात. वरून कितीही साखर घातली तरी हा कडवटपणा जात नाही. दोन वाट्या फोडी आणि एक वाटी तापवून गार केलेलं दूध, दोन्ही फ्रीजमधून थंडगार काढा, मिक्सर वीस सेकंद फिरवा आणि दहा मिनिटांत पिऊन संपवा. थंडीनं एन्झाइम मंदावतं, थांबत मात्र नाही. पाहुणे यायच्या आधी करून ठेवायचा हा पदार्थ नव्हे.

पण दूध न घालता नुसती फोडच कडू लागली, तर ती थुंका आणि ते फळ टाकून द्या. काकडीच्या देठाकडे कधीकधी लागतो तोच हा कडूपणा, आणि त्यानं उलट्या-जुलाब होऊ शकतात.

आता उपयोगाचं. केशरी गराच्या १०० ग्रॅम खरबुजात साधारण ९० टक्के पाणी, ३४ कॅलरी, ८ ग्रॅम साखर, ३५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि २६५ मिलिग्रॅमच्या जवळपास पोटॅशियम असतं. कलिंगडात क जीवनसत्त्व जेमतेम ८ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम ११० च्या घरात. लोक कलिंगडाचं कौतुक करतात, पण पोषणात खरबूज सरस आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. दीडशे ग्रॅम फोडींत त्यातलं बरंचसं येतं. केशरी रंग बीटा कॅरोटिनचा, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. हिरव्या-पांढऱ्या गरात ते नावालाच असतं, म्हणून घरात लहान मुलं असतील तर केशरीच घ्या. बीटा कॅरोटिन अंगी लागायला थोडं तेल-तूप पोटात हवं. फोडींबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे खाल्ले तरी काम होतं.

मधुमेह असेल तर एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅम, फोडीच. रस नको, वरून साखर नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.

सगळं खरं अडतं ते निवडण्यात. खरबुजात पुढं साखर होईल असं पिष्ट (स्टार्च) साठलेलं नसतं, त्यामुळे वेलावरून काढल्यावर ते मऊ होतं, वास सुटतो, पण गोडी वाढत नाही. कच्चं आणून तांदळात ठेवणं फुकट आहे. जाळीच्या खरबुजाचा देठ बघा: देठ आपसूक सुटून तिथं स्वच्छ गोल खळगा राहिला असेल तर फळ वेलावर पिकलंय. देठाचा कापलेला तुकडा चिकटलेला असेल तर ते लवकर तोडलंय. जाळीच्या मधली साल हिरवी नको, पिवळसर हवी. देठाच्या उलट बाजूला अंगठ्यानं हलकं दाबा, नाक लावा. वास यायला हवा. हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर फळ उतरलंय. गुळगुळीत सालीच्या जातींचा देठ मात्र सहसा सुटत नाही, तिथं वजन आणि वासावरच जा.

धुण्याचा कंटाळा करू नका. त्या जाळीत माती आणि जंतू अडकतात आणि सुरी तेच गरात नेते. २०११ साली अमेरिकेत खरबुजातून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरून तीसहून जास्त माणसं दगावली. कापायच्या वेळीच वाहत्या पाण्याखाली ब्रशनं घासा, साबण नको, मग पुसा. आधीच धुऊन ठेवलं तर ओलीनं बुरशी धरते. कापलेल्या फोडी सांगलीच्या एप्रिलमध्ये तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्ये झाकून, तीन दिवसांच्या आत संपवा. झाकण हवंच, नाहीतर दुधालासुद्धा खरबुजाचा वास लागतो.

खायची माझी आवडती तऱ्हा: अर्धा किलो गर हातानं कुस्करायचा, दोन चमचे किसलेला गूळ, चिमूट मीठ, वेलची, आणि वीस मिनिटं गार करायचं. मिक्सरला लावू नका, पाणचट होतं. फळ अगोड निघालं तर ते काकडीचं सख्खं भावंड आहे हे लक्षात घ्या: बारीक चिरून दाण्याचा कूट, हिरवी मिरची, लिंबू आणि मोहरीची फोडणी घाला, झकास कोशिंबीर होते. दही घालायचं असेल तर पान वाढताना घाला, कारण तेच एन्झाइम दह्यालाही कडू करतं.

बियांभोवतीचा रस चाळणीतून गाळून घ्या, तो गोड असतो. बिया चोळून धुवा, दोन कडक उन्हं द्या आणि सोला. बाजारात मगज म्हणून महाग मिळतो तो हाच, थंडाईत नाहीतर रस्सा दाट करायला वाटून घालता येतो.