झाक-लुई दाविद हा क्रांतीचा चित्रकार होता की ज्याची सत्ता त्याचा?

प्रश्नकर्त्याचा आक्षेप थोडक्यात असा की, फ्रेंच चित्रकार दाविदने आधी सोळाव्या लुईच्या पैशावर चित्रे काढली, मग त्याच राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले, जॅकोबिनांचा नेता रोबस्पिएर याच्या काळात तो क्रांतीचा सरकारी चित्रकार झाला आणि पुढे नेपोलियनच्या दरबारात मिरवला; तेव्हा त्याला संधिसाधू म्हणू नये तर काय म्हणावे? यातील एकही तपशील खोटा नाही. संधिसाधू हा शब्द त्याला लागूही पडतो, पण तो १७९४ नंतरच्या दाविदला. त्याआधीच्या चार-पाच वर्षांतला त्याचा दोष वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर आहे. त्या वर्षांत त्याने जे केले ते मनापासून केले.

सुरुवात 'होराती बंधूंची शपथ' या चित्रापासून करावी लागते, कारण क्रांतीचे पहिले चित्र म्हणून बहुतेक ठिकाणी याचाच उल्लेख होतो. प्रत्यक्षात ते राजाच्या बांधकाम खात्याने सांगून काढवून घेतलेले चित्र होते. दाविदने ते १७८४ मध्ये रोमला जाऊन रंगवले आणि १७८५ च्या पॅरिसमधील सालाँ प्रदर्शनात ते लागले, म्हणजे बास्तीयचा तुरुंग पडून क्रांती पेटण्याच्या चार वर्षे आधी. प्राचीन रोमच्या कथेतले तीन भाऊ तलवारींकडे हात उंचावून रोमसाठी लढण्याची शपथ घेत आहेत, म्हातारा बाप तलवारी उंच धरून उभा आहे आणि उजव्या कोपऱ्यात घरातल्या बायका खचून बसल्या आहेत. देशासाठी घरच्यांचा बळी द्यावा, हा उपदेश राजाच्या अधिकाऱ्यांनाही हवाच होता. दरबारी चित्रकलेतील नटवेपणाला आळा बसून लोकांना सद्गुणाचे धडे मिळावेत, असे त्यांचेच धोरण होते. १७८९ नंतर लोकांनी त्याच उंचावलेल्या हातांत स्वतःचे हात पाहिले. म्हणजे चित्र तेच राहिले आणि 'देश' कोणाचा, याचे उत्तर बदलले. त्यामुळे राजाचे पैसे घेऊन त्याने राजाशी दगाबाजी केली, हा आरोप मला टिकणारा वाटत नाही.

क्रांती सुरू झाल्यावर मात्र चित्रकाराची खरी अडचण पुढे आली. २० जून १७८९ रोजी व्हर्सायमधील टेनिस कोर्टात, राज्यघटना तयार होईपर्यंत पांगणार नाही, अशी शपथ लोकप्रतिनिधींनी घेतली होती. तो प्रसंग भव्य कॅनव्हासवर उतरवायचा, असे जॅकोबिन क्लब या क्रांतिकारकांच्या राजकीय मंडळाच्या पुढाकाराने ठरले आणि त्यासाठी लोकवर्गणी काढण्यात आली. दाविदने तपशीलवार रेखाटन करून ते १७९१ मध्ये प्रदर्शितही केले. मध्यभागी टेबलावर उभा राहून शपथ वाचणारा सभेचा अध्यक्ष बाय्यी, भोवती उंचावलेल्या हातांचा समुद्र, वर वाऱ्याने फडफडणारे पडदे आणि उजव्या टोकाला शपथ घ्यायला नकार देऊन हाताची घडी घालून बसलेला एकटा सभासद, असे ते दृश्य आहे. वर्गणी पुरेशी जमली नाही, हे चित्र अडण्याचे एक कारण. दुसरे कारण स्वतः नायकांनीच पुरवले. लोकप्रतिनिधींचा गाजलेला वक्ता मिराबो १७९१ मध्ये वारला तेव्हा त्याला पाँतेआँमध्ये, म्हणजे थोरांच्या समाधिस्थळी, पुरण्याचा मान मिळाला, पण राजाशी असलेला त्याचा गुप्त पत्रव्यवहार १७९२ च्या अखेरीस उघडकीस आला आणि तो देशद्रोही ठरला. बाय्यी आणि शपथ घेणारा आणखी एक प्रतिनिधी बार्नाव्ह या दोघांचाही नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनवर शिरच्छेद झाला. त्या रेखाटनावर स्तुतिकाव्य लिहिणारा कवी आंद्रे शेनिए हाही जुलै १७९४ मध्ये गिलोटिनवर गेला. अपुऱ्या कॅनव्हासचा जो भाग आज व्हर्सायमध्ये आहे, त्यात आकृत्या नग्न आखलेल्या दिसतात, कारण दाविद आधी शरीररचना पक्की करून मग कपडे चढवत असे, आणि त्या नुसत्या रेषांच्या शरीरांवर मोजकीच डोकी पूर्ण रंगवलेली आहेत. इतिहासचित्राला वर्षे लागतात आणि तेव्हा फ्रान्समध्ये नायकाचा खलनायक व्हायला काही महिने पुरत होते.

मारा या जहाल क्रांतिकारी पत्रकाराच्या मृत्यूवर दाविदने काढलेल्या चित्राचे यश मला याच अडचणीच्या उजेडात कळते. मेलेला माणूस पक्ष बदलू शकत नाही. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोट कॉर्दे या तरुणीने माराला त्याच्या न्हाणीत भोसकले. त्वचारोगामुळे तो तासन्‌तास टबात बसून काम करत असे, आणि आदल्याच दिवशी जॅकोबिनांच्या वतीने विचारपूस करायला गेलेल्या दाविदने त्याला तसे पाहिलेही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्र कन्व्हेन्शनला, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय सभेला, सादर झाले, म्हणजे घटनेनंतर चार महिन्यांत. माणूस एकच, सामान जवळजवळ नाही, वरचा निम्मा कॅनव्हास रिकामा आणि काळसर.

हे चित्र जवळून पाहिले की प्रचार किती बारकाईने रचला आहे ते लक्षात येते. त्वचारोगाचा मागमूस नाही. कातडी संगमरवरासारखी नितळ आहे आणि खाली लोंबणारा हात पाहून ख्रिस्ताला क्रूसावरून उतरवतानाची जुनी चित्रे आठवावीत, अशीच मांडणी आहे. डाव्या हातातील चिठ्ठीत कॉर्देचे शब्द वाचता येतात: मी फार दुःखी आहे, एवढ्यानेच मी आपल्या कृपेला पात्र ठरते. वास्तविक तिने माराच्या घरात प्रवेश मिळवला तो काँ शहरातील जिराँदिन (जॅकोबिनांच्या विरोधी गटातल्या) मंडळींची बातमी देते असे सांगून, आणि वार झाला तेव्हा मारा तिच्या तोंडून त्यांची नावे उतरवून घेत होता. चित्रात त्या यादीचा पत्ता नाही. तिच्या जागी, शेजारच्या लाकडी पेटीवर एक कागदी नोट ठेवलेली आहे आणि सोबत पाच मुलांच्या आईला, जिचा नवरा देशासाठी मेला तिला, ही नोट द्यावी अशी चिठ्ठी आहे. ज्यांची डोकी उतरवायची त्यांची यादी काढली आणि विधवेला केलेले दान ठेवले. पेटीवर चित्रकाराने 'माराला, दाविदकडून' असे लिहून खाली क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे 'वर्ष दुसरे' घातले आहे. हे खोटे आहे आणि तरीही अठराव्या शतकातले याच्या तोडीचे दुसरे चित्र मला सुचत नाही. दोन्ही विधाने मी एकाच दमात करतो आणि त्यांतले कोणतेही मागे घेत नाही.

हे चित्र भाडोत्री हाताने झालेले नव्हे. दाविद स्वतः कन्व्हेन्शनचा सभासद होता, राजाच्या मृत्यूसाठी त्याने मत दिले होते (त्यावरून राजनिष्ठ पत्नीने त्याला घटस्फोट दिला), सप्टेंबर १७९३ पासून तो अटका आणि पोलीस कारभार पाहणाऱ्या सर्वसाधारण सुरक्षा समितीवर होता आणि अटकेच्या हुकुमांवर त्याच्या सह्या आहेत. क्रांतीचे उत्सव आणि मिरवणुकाही तोच आखत असे. ज्या हाताने मारा रंगवला त्याच हाताने वॉरंटांवर सह्या केल्या. याला संधिसाधूपणा म्हणणे म्हणजे त्याला सवलत देणे होय.

संधिसाधू दाविद दिसतो तो रोबस्पिएरच्या पतनाच्या वेळी. तू विष प्यायलास तर मीही तुझ्याबरोबर पिईन, असे त्याने रोबस्पिएरला आदल्या रात्री जॅकोबिन क्लबात सर्वांदेखत सांगितले आणि दुसऱ्या दिवशी, क्रांतीच्या पंचांगातल्या ९ थर्मिडोरला (२७ जुलै १७९४), प्रकृतीचे कारण काढून तो सभेलाच गेला नाही. त्याने जीव वाचला, तुरुंग चुकला नाही. नंतर, यापुढे माणसांना नव्हे, तत्त्वांना चिकटून राहीन, असे त्याने सांगितल्याची नोंद आहे. मग बोनापार्ट नावाचा माणूस आला. आल्प्स ओलांडणारा नेपोलियन त्याने उधळत्या घोड्यावर बसवला, प्रत्यक्षात तो खेचरावरून गेला होता. १८०४ च्या राज्यारोहण समारंभाला नेपोलियनची आई हजर नव्हती, तरी चित्रात ती मध्यभागी दिमाखात बसली आहे. ही चित्रे तांत्रिकदृष्ट्या थोर असतील, मला ती थंड वाटतात.

मधले एक चित्र मात्र या हिशेबात बसत नाही. तुरुंगातून सुटल्यावर त्याने १७९९ मध्ये 'सॅबाइन स्त्रिया' पूर्ण केले आणि प्रवेशशुल्क लावून लोकांना दाखवले, म्हणजे या वेळी पैसे ना राजाचे, ना कन्व्हेन्शनचे. रोमन आणि सॅबाइन या दोन सैन्यांच्या मधोमध एक स्त्री हात पसरून उभी आहे, तिच्या पायाशी तान्ही मुले आहेत आणि लढाई थबकली आहे. होराती बंधूंच्या चित्रात ज्या बायकांना त्याने कोपऱ्यात रडत बसवले होते, त्यांना इथे मध्यभागी आणले. तोपर्यंत त्याच्या पत्नीने त्याच्याशी १७९६ मध्ये पुन्हा लग्न केले होते. यात पश्चात्ताप किती आणि स्वतःला माफी मिळावी ही गरज किती, याचा निवाडा ज्याने त्याने चित्र पाहून करावा. मला दोन्ही दिसतात.

आता प्रश्नातील 'ज्याची सत्ता त्याचा' या शब्दांकडे येतो. नेपोलियनच्या पाडावानंतर राजाच्या मृत्यूला मत देणाऱ्या आणि १८१५ मध्ये परतलेल्या नेपोलियनला त्याच्या शंभर दिवसांच्या राजवटीत पुन्हा साथ देणाऱ्यांना १८१६ च्या कायद्याने हद्दपार करण्यात आले. दाविदचे नाव मोठे होते, त्याचे शिष्य नव्या राजवटीत मानाने वावरत होते आणि त्याने माफीचा अर्ज करावा, असे प्रयत्नही झाले. त्याने तो केला नाही. तो ब्रुसेल्सला राहिला, पुराणकथांवर चित्रे काढत राहिला आणि १८२५ मध्ये तिथेच वारला. फ्रान्सच्या सरकारने त्याचा देह मायदेशी आणण्यास परवानगी नाकारल्यामुळे दफनही तिथेच झाले. संधिसाधूच म्हणायचे असेल, तर जिथे एका अर्जावर सगळे परत मिळण्यासारखे होते तिथे त्याने संधी का सोडली, याचे उत्तर प्रश्नकर्त्याने द्यावे.