कुणी संयोजक नाही, पैसा नाही, तरी अंडरग्राउंड कलाकारांचं जाळं उभं राहतं कसं आणि टिकतं कसं?

पत्त्यांच्या यादीवर. बंडखोरी वगैरे सगळं खरं, पण ते नंतर. मी बरीच वर्षं मेल आर्टमध्ये, म्हणजे टपालाने कला पाठवणाऱ्यांच्या गोतावळ्यात आहे, म्हणून त्याच्याच आधारे सांगते.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रे जॉन्सन नावाचा कलाकार लोकांना कोलाज टपालाने पाठवू लागला. कधी त्यावर सूचना असायची : यात भर घाला आणि अमक्याला धाडा. हा अमका तुम्हाला माहीत असेलच असं नाही. तुम्ही दोन रेघा ओढून पाकीट पुढे पाठवलंत की एक अनोळखी माणूस जोडला गेला. १९६२ मध्ये या उद्योगाला ‘न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल’ असं नाव पडलं (स्पेलिंगमध्ये मुद्दाम ‘डान्स’ घुसवलेला). १९७३ मध्ये जॉन्सननेच ही शाळा वारल्याचं जाहीर केलं. पाकिटं काही थांबली नाहीत.

पुढे यातून काही अलिखित नियम ठरत गेले. शुल्क नाही, निवड नाही, आलेलं काम परत मिळणार नाही, जे येईल ते सगळं मांडायचं. शिवाय भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांची नावं-पत्ते असलेली यादी पाठवायची. सगळी मेख या शेवटच्या नियमात आहे. यादी हातात पडली की कुणीही उद्या स्वतःचं प्रदर्शन भरवू शकतो, त्याला पहिल्या संयोजकाची गरजच उरत नाही.

नियम मोडला की काय होतं? १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फ्रँकलिन फर्नेस’ या कलासंस्थेतल्या मेल आर्ट प्रदर्शनात आलेली सगळी कामं मांडली नाहीत. कलाकारांनी निषेधाची खुली पत्रं काढली, इतकी की क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनाची निवड-मांडणी करणाऱ्या व्यक्तीला, प्रदर्शनासोबतच्या परिसंवादाच्या संचालनावरून बाजूला व्हावं लागलं. बाहेरच्याला हे फार क्षुल्लक वाटेल. मला नाही वाटत.

पत्ता उघड असणं धोक्याचंही असतं, हे मान्य. उरुग्वेच्या लष्करी राजवटीने १९७७ मध्ये क्लेमेंते पादीन आणि होर्हे काराबायो या दोन मेल कलाकारांना तुरुंगात टाकलं. पण त्यांच्या सुटकेसाठी देशोदेशींहून पत्रं गेली तीही याच ओळखींतून.

आता माझा गाढवपणा. एकदा मी ‘किल्ली’ या विषयावर कामं पाठवा असं आवाहन काढलं. पाकिटं आली, टेबल भरलं : रबरी शिक्के, शिवलेली कार्डं, एकाने तर खरी गंजकी किल्लीच चिकटवलेली. मांडणी दोन दिवसांत उरकली. यादी टाइप करायची मात्र मी पाच महिने टाळली. ज्या दोघी बायकांशी माझी नियमित देवाणघेवाण होती, त्यांची पाकिटं त्या काळात यायची बंद झाली. एकीने नंतर फक्त कोरं कार्ड पाठवलं, मागे तिचा पत्ता. समजायचं ते समजले.

म्हणून सुरुवात करायचीच असेल तर मोठं आवाहन काढू नका. तिघांना काहीतरी पाठवा आणि त्यांना विचारून प्रत्येकाला उरलेल्या दोघांचे पत्ते द्या. आणि पाकिटाच्या मागे स्वतःचा पत्ता साध्या अक्षरात लिहा. नक्षीदार वळणात लिहिलेले तीन पत्ते मला अजून लागलेले नाहीत.