पाण्याला सातबारा नसतो

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. समाजकार्याच्या प्रकल्पासाठी तू नर्मदेच्या मुखाकडील मासेमारांची गावे निवडली आहेस आणि सुरुवात कशाने करावी असे विचारले आहेस. सोबतची प्रश्नावलीही वाचली. तीत मासेमाराचे शिक्षण, व्यसन, शौचालय, मोबाईल या साऱ्यांची चौकशी आहे. काल त्याच्या जाळ्यात काय आले आणि ते कोणत्या भावाने गेले, हे मात्र कुठेच विचारलेले नाही. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे माझी नजर आधी वहीकडे जाते हे मान्य. तरीही सल्ला तोच देतो. प्रश्नावली तूर्त बाजूला ठेव आणि वही सुरू कर.

शेतकऱ्याकडे सातबारा असतो. रस्ता किंवा कालवा आला तर त्याची जमीन किती आणि पीक कोणते, हे सरकारदरबारी आधीच लिहिलेले असते. पाण्याला सातबारा नसतो. ज्या पात्रात आजोबांपासून जाळी पडत आली, त्यावरचा हक्क सांगणारा कागद माछी समाजाच्या घरात सहसा सापडत नाही. भरूच जिल्ह्यातील भाडभूतजवळ, समुद्रापासून सुमारे २५ किलोमीटर आत, नर्मदेवर दीड किलोमीटरहून लांब बॅरेज, म्हणजे दारे असलेला बंधारा, बांधण्याचे काम हाती घेतले गेले. खारे पाणी आत शिरू नये आणि गोडे पाणी साठावे, हा त्याचा हेतू. भरूचकडील शेतकऱ्याला विचारलेस तर तो हेतू खोटा नाही हे तुला पटेल. पण हिलसा हा मासा समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीच्या गोड्या पाण्याकडे वर चढतो. आपल्या आषाढी एकादशीला, जिला गुजरातीत देवपोढी अगियारस म्हणतात, भाडभूतचे मासेमार नर्मदेला दूध वाहून होड्या लोटतात, आणि त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांवर कित्येक घरांचे वर्ष निघते. माशाची वाट अडली तर नुकसान कोणाचे, हे सर्वांना दिसते. ते किती, हे सांगायला आकडा लागतो.

या बाबतीत कायदा काय म्हणतो तेही बघ. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत मासेमार आणि नावाडी यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. अट अशी, की संपादनापूर्वी तीन वर्षे त्या कुटुंबाची मुख्य उपजीविका पाण्यावर असावी आणि जमीन संपादित झाल्यामुळे ते बाधित झालेले असावे. पहिल्या अटीसाठी तीन वर्षांचा पुरावा हवा, आणि त्यांच्याकडे आहे ती तोंडी साक्ष. दुसऱ्या अटीत शब्द जमिनीचा आहे, आणि मासेमाराचे जाते ते पाणी. दुसरी गाठ वकिलांनी सोडवायची आहे. पहिलीला मात्र तुझ्यासारख्यांचा हात लागू शकतो.

माझी एक चूक सांगतो. तरुणपणी मी अशाच एका पाहणीत गणक म्हणून गेलो होतो. मे महिना होता, होड्या काठावर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि पुरुष वीटभट्टीवर गेले होते. 'व्यवसाय' या रकान्यात मी त्यांच्यापुढे 'मजुरी' लिहिले आणि बायकांपुढे 'घरकाम'. त्यांतील एकीच्या दारात सुकट वाळत होती; ती तुडवली जाऊ नये म्हणून मी लांब ढांग टाकून आत गेलो आणि आत जाऊन 'घरकाम' लिहिले. अर्ध्या गावाचा धंदा त्या दिवशी माझ्या लेखणीने बुडवला. छोट्या मासेमारांसाठी जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, त्यांत जाळे विणण्यापासून मासळी सुकवून विकण्यापर्यंतचे सारे काम मासेमारीतच धरले आहे. गावातल्या मासेमार सहकारी संस्थेचे सभासदत्व मात्र बहुधा होडी ज्याच्या नावावर त्यालाच मिळते, आणि मग विमा असो वा अनुदान, यादीत बाईचे नाव येत नाही. म्हणून वहीत तिचे पान वेगळे ठेव.

वहीच्या रकान्यांत तारखेबरोबर तिथी लिही. मासेमाराचा दिवस उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, यांवर ठरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग यांतला फरक तारखेतून दिसत नाही. गुजराती महिने आपल्यासारखेच अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, असल्याने सुद-वद आणि शुद्ध-वद्य यांचा मेळ बसतो, तेवढी तरी आपली सोय आहे. पुढे जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार, मासळीचे वजन, भाव, कडता म्हणजे वजनातली कापणी, आणि शेवटी हातात आलेली रक्कम. कडत्याचा रकाना विसरू नकोस. हंगामापूर्वी जाळ्यासाठी आणि होडीच्या डागडुजीसाठी दलाल उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत मासळी त्यालाच घालावी लागते. व्याज तो कुठे लिहीत नाही. ते भावात आणि कडत्यात वसूल होते. बर्फाचे पाणी म्हणून किलोमागे थोडे वजन कापले की झाले. दलालाला शिव्या देण्याची मात्र घाई करू नकोस. रात्री पोर तापाने फणफणले तर कागद न मागता पैसे देणारा गावात तोच असतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मासेमारांनाही खुली झाली आहे, पण बँकेचा अधिकारी उत्पन्नाचा आधार विचारतो, आणि गाडी पुन्हा वहीपाशी येऊन थांबते.

मही नदीच्या मुखाकडील गावांत गेलीस तर आणखी एक रकाना लागेल. आपल्या शहराभोवतालच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या वाहिनीतून तिकडेच सोडले जाते. ज्या दिवशी पाण्याचा रंग किंवा वास वेगळा वाटेल, त्या दिवशी तेवढेच लिहायचे, कारण शोधायचे नाही. बडोद्याचे माणूस म्हणून हे लिहिताना तुला संकोच वाटेल, वाटू दे.

वही त्यांच्या घरातली शाळेत जाणारी मुले लिहितील असे बघ, आणि गुजरातीतच लिहू दे. तू मराठीत उतरवून घेतलेस तर ती तुझी वही होईल. सोबत दोनशे पानी चार वह्या पाठवीत आहे; रेघा मीच आखल्या आहेत, थोड्या वाकड्या आल्या असतील. भरलेल्या वह्या तिथेच राहू देत, तू फक्त छायाप्रती घे. पहिली खेप अमावास्येच्या दोन दिवस आधी कर, म्हणजे होड्या निघताना आणि परततानाही तू काठावर असशील. वजनकाट्याजवळ उभे राहताना मात्र वही पिशवीत ठेव. लिहायचे ते घरी गेल्यावर.

बाकी भेटीअंती.