वाचकांचे प्रश्न : गरोदरपणातील सोनोग्राफी

प्रश्न : माझ्या सुनेला सहावा महिना लागला असून आतापर्यंत तिच्या तीन सोनोग्राफी झाल्या आहेत आणि आठव्या महिन्यात आणखी एक करण्यास सांगितले आहे. आमच्या वेळी एकही न करता बाळंतपणे सुखरूप पार पडली. इतक्या वेळा तपासणी केल्याने किरणांचा बाळावर परिणाम होत नाही का? – एक वाचक, कराड

उत्तर : सोनोग्राफीत किरण नसतात. एक्स-रेशी तिचा काहीही संबंध नाही. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात पाठवून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटवले जाते. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी 1958 मध्ये या तंत्राविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासूनच्या प्रदीर्घ वापरात गर्भाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि ध्वनिलहरींमुळे ऊती किंचित तापू शकतात, म्हणून गरजेपुरतीच आणि शक्य तितक्या कमी वेळात तपासणी करावी, असा संकेत आहे. रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी पहिल्या तीन महिन्यांत सरसकट करीत नाहीत, तीही याच कारणाने.

आपल्या सुनेच्या तीन तपासण्या बहुधा नेहमीच्या क्रमानेच झाल्या असाव्यात. सातव्या ते नवव्या आठवड्यातील तपासणीत गर्भ गर्भाशयातच आहे ना, एक आहे की जुळे, ठोके आहेत का आणि दिवस किती भरले हे पाहतात. अकरा ते चौदा आठवड्यांदरम्यान बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात, त्यावरून गुणसूत्रांच्या दोषाचा धोका कितपत आहे याचा अंदाज येतो. तिसरी, अठरा ते बावीस आठवड्यांमधील, सर्वांत तपशीलवार असते : मेंदू, हृदयाचे चार कप्पे, मणका, मूत्रपिंडे, हातपाय असे सगळे अवयव एकामागून एक पाहिले जातात. ती विसाव्या आठवड्याच्या आत उरकावी असा डॉक्टरांचा आग्रह असतो, कारण गंभीर व्यंग आढळल्यास पुढील तपासण्यांना आणि निर्णयाला वेळ हवा असतो. गर्भपातविषयक कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर अशा कारणासाठी गर्भपाताची मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली आहे. त्यापुढचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो.

आपल्या वेळी बाळंतपणे सुखरूप झाली हे खरे, परंतु जुळे असल्याचे पहिले मूल बाहेर आल्यावर कळणे आणि वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्याचे रक्तस्राव सुरू झाल्यावर कळणे, हेही त्याच काळातले. मात्र अधिक वेळा सोनोग्राफी म्हणजे अधिक चांगली काळजी, हा समजही चुकीचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार चोवीस आठवड्यांपूर्वी किमान एक तपासणी व्हायला हवी; त्यापुढील प्रत्येक तपासणीला कारण असले पाहिजे आणि ते विचारण्यात संकोच करू नये. केवळ बाळाचा चेहरा पाहण्यासाठी सोनोग्राफी करून घेणे मला पसंत नाही. शिवाय अहवाल चांगला आला म्हणजे बाळ सर्वतोपरी निर्दोष असल्याची हमी मिळाली असेही नव्हे; हृदयातील लहान छिद्रासारखे काही दोष नजरेतून सुटतात.

प्रश्न : माझी शेवटची पाळी 1 जानेवारीला आली होती. त्यावरून प्रसूतीची तारीख 8 ऑक्टोबर सांगितली गेली. मार्चमधील सोनोग्राफीत 20 ऑक्टोबर आणि आता ऑगस्टअखेरच्या अहवालात 2 नोव्हेंबर लिहिली आहे. कोणती खरी मानावी? माझी पाळी पूर्वीपासून दीड महिन्याने येते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : 20 ऑक्टोबर ही तारीख धरावी आणि ती आता बदलू नये. पाळीवरून काढलेली तारीख अठ्ठावीस दिवसांचे चक्र गृहीत धरते. आपले चक्र लांबलेले असल्याने गर्भधारणाच उशिरा झाली असणार. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची गर्भाची लांबी मोजून वय ठरवतात. त्या काळात सर्व गर्भांची वाढ जवळपास सारख्या गतीने होत असल्याने त्यात पाच ते सात दिवसांहून अधिक फरक सहसा पडत नाही.

पुढे मात्र आईवडिलांची ठेवण, आईचे पोषण, मधुमेह, रक्तदाब यांप्रमाणे बाळांचे आकार वेगवेगळे होत जातात. आठव्या महिन्यात डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून मशीन जी तारीख आपोआप छापते, ती ‘या आकाराचे सरासरी बाळ केव्हा जन्मेल’ याची असते आणि ती दोन-तीन आठवड्यांनी मागेपुढे होऊ शकते. म्हणजे ‘2 नोव्हेंबर’चा अर्थ तारीख पुढे गेली असा नसून बाळ मूळ तारखेच्या मानाने काहीसे लहान भरले, असा आहे. ते निव्वळ मापातील फरकामुळे असू शकते किंवा वाढ खरोखर मंदावली असेल. तारीख बदलून टाकली तर हा दुसरा संशय झाकला जातो आणि दिवस भरलेले बाळ पोटात नको तितके थांबते. तेव्हा मार्चचा अहवाल सोबत घेऊन आपल्या डॉक्टरांकडे लवकर जावे. दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा माप, गर्भजलाचे प्रमाण आणि गरज भासल्यास नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी यांवरून चित्र स्पष्ट होईल. मात्र बाळाची हालचाल कमी वाटल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्न : विसाव्या आठवड्यात ‘वार खाली आहे’ असे अहवालात आले. पूर्ण विश्रांती घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : रक्तस्राव नसेल तर अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नाही. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे ताणला जातो, तशी बहुतेकींची वार तोंडापासून दूर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहावे. न दुखता रक्तस्राव झाला तरी तत्काळ रुग्णालयात जावे.

प्रश्न : सोनोग्राफीसाठी पत्नीचे ओळखपत्र, आधीच्या मुलांची माहिती आणि सही कशासाठी घेतात? – एक वाचक, लातूर

उत्तर : हा ‘एफ’ फॉर्म होय. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात सर्वांत आधी केला. 1994 मध्ये तो केंद्राने केला आणि 2003 पासून अधिक कडक झाला. बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे गरोदर स्त्रीने आणि ते सांगितले नाही असे डॉक्टरांनी या फॉर्ममध्ये लिहून द्यायचे असते. फॉर्ममधील उणीवही कायद्याचा भंग ठरू शकते, म्हणून सोनोग्राफी केंद्रातील कर्मचारी एखादा रकाना रिकामा राहू देत नाहीत. त्याचा राग मानू नये. आपण पती म्हणून हेही जाणून घ्यावे, की लिंग सांगणे जसा गुन्हा आहे तसाच विचारणेही, आणि स्त्रीवर पतीने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असेच कायदा प्रथमदर्शनी गृहीत धरतो.