गोळीचे पैसे आधी बाजूला काढा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तो परतू नये म्हणून दीड वर्ष लेट्रोझोलची गोळी चालू आहे, निवृत्तीची रक्कम नुकतीच हातात आलीय. यजमान म्हणतात, सगळी गृहकर्जात भरून मोकळं होऊ. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही विचारता, ओढाताण झालीच तर गोळी मधूनमधून बंद ठेवली तर चालेल का?

नाही. हिशेबाच्या आधी हेच सांगतो. पाळी गेल्यावर बीजकोश थंडावतात, तरी शरीरातली चरबी ॲरोमाटेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने थोडं इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवतच राहते, आणि त्यावर असा कर्करोग वाढू शकतो. गोळी ते रोज अडवते. खंड पडला की ते पुन्हा बनू लागतं. म्हणून हा खर्च घरभाड्यासारखा धरा, चुकवता न येणारा.

गोळीच्या पाच वर्षांपैकी तुमचे ४२ महिने उरलेत. पण काही जणींना डॉक्टर सात वर्षं, क्वचित दहाही सांगतात. मी सात वर्षांच्या हिशेबाने उरलेले ६६ महिने धरेन. जेनेरिक लेट्रोझोलमध्ये औषध तेच असतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून ते घ्या.

खरा खर्च मात्र गोळीचा नाहीच, हाडांचा आहे. या औषधाने हाडं विरळ होतात. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि गरज पडली तर दर सहा महिन्यांनी हाडं जपणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन. तुम्ही लिहिलंय, सकाळी बरणीचं झाकणही फिरवता येत नाही. या गोळीने सांधेही आखडू शकतात, म्हणून हे डॉक्टरांना नक्की सांगा. ते लेट्रोझोलऐवजी ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन किंवा टॅमॉक्सिफेन देऊन बघू शकतात. औषध बदललं की खर्चही बदलेल, म्हणून तरतूद थोडी सैलच ठेवा. आरोग्य विम्यात घरी घ्यायची औषधं बसतात का तेही पाहून घ्या, आणि हप्ता चुकवू नका.

तर ६६ महिन्यांची औषधं, तपासण्या आणि सहा महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवींत ठेवा. उरलेली खुशाल कर्जात भरा. एरवी मी कर्जाची मुदत कमी करा म्हणतो. तुम्हाला मात्र हप्ता कमी करायला सांगेन, कारण पगार थांबलाय. यजमानांना एवढंच सांगा, कर्जात गेलेला पैसा अडीनडीला सहज परत मिळत नाही, ठेव मात्र मोडता येते.