मूठ लहान, की आपलं बघणं?

(या सदरात वाचकांच्या शंकांना एक निवृत्त फौजी आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारे) फोंड्याहून उत्तरं देतात.)

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलाला (वय ११) आणि पुतणीला (वय ८) जुन्या शस्त्रांचं संग्रहालय दाखवायचं आहे. मागे एकदा नेलं होतं, पण पंधरा मिनिटांत दोघं बाहेर येऊन आईस्क्रीम मागू लागली. खरं सांगायचं तर मलाही सगळ्या तलवारी सारख्याच दिसल्या. एवढंच लक्षात राहिलं की मुठी फार लहान होत्या. पूर्वीची माणसं तर धिप्पाड होती म्हणतात! डिचोलीहून दोन दिवसांत जमेल असं ठिकाण सुचवा, आणि बघायचं काय तेही सांगा.
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, पंधरा मिनिटं टिकली म्हणजे पोरं गुणाची. मी चोवीस वर्षं फौजेत बंदुका उघडल्या नि जोडल्या, तरी काचेत ओळीनं टांगलेल्या चाळीस तलवारी बघून मलाही जांभई येते. चाळीस बघूच नका. दोन-तीनच वस्तू निवडा आणि त्यांच्यापुढे ठाण मांडा.

आधी त्या मुठीचं. कुठल्याही संग्रहालयात उभे राहा, पाठीमागून कुणीतरी म्हणतंच, "केवढीशी माणसं होती ती!" माणसं लहान नव्हती, मूठच मुद्दाम तंग ठेवलेली असते. मुठीच्या टोकाला चपटी, वाटोळी कटोरी असते बघा. हात आत गेला की ती मनगटापाशी टेकते आणि मनगट फार वळू देत नाही. त्यामुळे वार मनगटातून न होता खांद्यातून होतो, आणि तो ओढत जातो. तुम्ही विळीवर इसवण (सुरमई) कापता तेव्हा ती नुसती दाबत नाही, पात्यावरून ओढता. बाकदार तलवारीचं गणित तेच. शिवाय पुष्कळ लढवय्ये तर्जनी मुठीच्या आडव्या दांडीवरून पुढे घेत, म्हणजे आत बोटं तीनच. आता सांगा, मूठ लहान आहे का?

वजनाचीही अशीच गंमत. मुलाला आधी अंदाज करायला सांगा. तो पाच किलो तरी म्हणेल. साधारण तलवार किलोभराच्या आसपास असते, लिटरभर दुधाच्या पिशवीएवढी. दिवसभर घोड्यावरून चालवायची चीज ती, पाच किलोची असती तर दुपारपर्यंत खांदा उतरला असता.

ठिकाण म्हणाल तर कोल्हापूर. साखळी, केरी करत चोर्ला घाट चढा, बेळगावला जेवा, संध्याकाळी कोल्हापुरात. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा राजवाडा. वाडा १८८४ सालचा, त्यातल्या छत्रपती शहाजी संग्रहालयात शस्त्रं भरपूर आहेत. मिसळीचं मी वेगळं सांगायला नको.

तिथे फिरंग नावाची तलवार शोधा. पातं लांब, सरळ, बहुधा मुठीच्या टोकाला बोटभर गज निघालेला, म्हणजे दुसरा हातही लावता येतो. हिचं नावच आपल्या गोव्याची आठवण देतं. १५१० साली पोर्तुगिजांनी आदिलशहाकडून गोवा घेतला, आणि पुढे त्यांच्या गलबतांतून युरोपातली पाती या किनाऱ्यावर उतरू लागली. इथल्या कारागिरांनी त्यांना देशी मुठी चढवल्या. विकणारा फिरंगी, म्हणून तलवार फिरंग. पुढे त्या घाटाची पाती इकडेही घडू लागली. मुठीजवळ पात्यावर एखादा ठसा किंवा रोमन अक्षरं दिसतात का ते पुतणीला शोधायला लावा. आठ वर्षांच्या पोरीची नजर आपल्यापेक्षा बारीक. जिला आपण मराठ्यांची तलवार म्हणून हात जोडतो, तिचं पातं कधीकधी जर्मनीतल्या झोलिंगेनचं निघतं. मला यात कमीपणा वाटत नाही. मी राहतो त्या फोंड्याच्या कोटावर १६८३ साली पोर्तुगिजांचा विजरई, म्हणजे गोव्याचा त्यांचा मुख्य कारभारी, चालून आला आणि संभाजी महाराजांच्या फौजेकडून मार खाऊन परतला. त्या दिवशी किती मराठ्यांच्या हातात त्याच्याच मुलखाकडून आलेलं पोलाद असेल, असा विचार कोटाकडून जाताना हटकून येतो.

ढालीपुढे जास्त थांबायला नको, पण एक विचारा : दर्शनी बाजूला ही चार फुलं कशाला? मुलं नक्षी म्हणतील. ढाल मागून दिसत असेल तर दाखवा, फुलांच्या मागेच कड्या असतात आणि त्यांतच हाताचे पट्टे ओवलेले असतात. फूल म्हणजे कडीच्या खिळ्याचं डोकं.

बंदुकांकडे मात्र मी पक्षपाती आहे, तेव्हा सांभाळून घ्या. नळी बघू नका, नळीच्या मागे उजव्या बाजूला आग कुठून येते ते बघा. जळती वात धरणारा चिमटा असेल तर ती तोड्याची बंदूक. पावसात तोडा विझला की हातात नुसती काठी! आणि आपला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. चिमट्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला असेल तर चकमकीची. तिथे एक बारकी बोंडी आणि वर हातोडीसारखा घोडा असेल तर केपाची (बोंडीवर बसवायची स्फोटक टोपी म्हणजे केप), म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. एवढं कळलं की पाटी न वाचता मुलगा जुन्या बंदुकीची जात सांगू शकेल. माझ्या नातवाला हे जमलं तेव्हापासून तो संग्रहालयात मला ओढत नेतो. तोडेवाल्या बंदुकांत गोव्याच्या कारागिरांचा हात नावाजलेला होता. १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर बंदूक पोचली, तिच्या कळीची घडण आपल्या या बाजूची असल्याचं अभ्यासक मानतात.

कोल्हापूर जमलंच नाही तर बोगमाळ्याचं नौदल विमान संग्रहालय आहे, सोमवार सोडून जा. तलवारी नाहीत, पण अंगणात सी हॅरियर हे नौदलाचं लढाऊ विमान उभं आहे. पोरं आईस्क्रीम विसरतील. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात विजरईंची चित्रं ओळीनं लावलेली आहेत. चेहरे सोडून कमरेकडे बघत गेलात तर युरोपातल्या तलवारींचा नमुनासंग्रहच. तिथे शुक्रवारी सुट्टी.

आणि हो, काचेला नाक लावून उभं बघण्यापेक्षा गुडघ्यावर बसून पात्याच्या टोकाकडून मुठीकडे बघा. धारेतल्या खाचा उभ्यानं दिसत नाहीत.

प्रश्न : घरात पणजोबांची तलवार गंजलेली आहे. दसऱ्याआधी चिंच आणि राखेनं घासून लख्ख करावी म्हणतो. चालेल ना? माळ्यावर एक जुनी ठासणीची बंदूकही सापडली.
— एक वाचक, वाळपई

उत्तर : चिंच तांब्याच्या तपेल्याला ठेवा. नोकरीत नवा होतो तेव्हा साहेबांच्या तपासणीआधी मी एक जुनी तलवार पितळेच्या पॉलिशनं दोन तास घासली. चकाकली झकास, पण पात्यावरची सोनेरी अक्षरं फडक्यात आली. सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत, फडकं तेवढं माझ्या टेबलावर ठेवून गेले.

मऊ कापडावर शिलाई मशीनचं तेल घ्या, पातळ हात फिरवा, पुसून टाका. उघड्या बोटांनी पातं धरू नका, घामातलं मीठ गंज आणतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात तर मुळीच ठेवू नका. चामडं ओल धरतं. म्यान वेगळं, तलवार वेगळी. पूजेला एक दिवस घातलीत तर ती रागावणार नाही.

बंदुकीला मात्र हात लावू नका. ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच माळ्यावर जातात. रानडुकरासाठी ठासली, डुक्कर आलं नाही, बंदूक तशीच राहिली. दारू कोरडी राहिली तर किती वर्षांनी पेट घेईल याचा नेम नाही. नळीत डोकावायचं नाही, घोडा ओढून बघायचा नाही, मुलांना त्या खोलीत सोडायचं नाही. पोलिस ठाण्यात कळवा. परवान्याचा प्रश्न तसाही आहेच. जाणकार माणूस गज नळीत सोडून आत किती जातो ते मोजतो, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघतो. आत चार बोटं कमी गेला, तर समजायचं, बार आतच आहे.