ओंडका पडून वाळत नाही, फोडल्यावर वाळतो

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत व्हरमाँटमध्ये नुकतं घर घेतलंय, तळघरात लाकडाची शेगडी आहे, तर येत्या हिवाळ्यासाठी फोडलेलं सरपण घ्यावं की ट्रकभर ओंडके आणून स्वतः कापून फोडावेत, आणि काय स्वस्त पडेल.

येत्या हिवाळ्यासाठी ओंडके घेऊच नका. पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या हिवाळ्यासाठी घ्या, आणि मग मात्र ओंडकेच घ्या. हे मी इतकं ठासून सांगतोय कारण एका जानेवारीत माझ्या घराच्या धुराड्याला आग लागली होती.

माझ्या वडिलांची चिपळूणला लाकडाची वखार होती. किंजळ, ऐन, कधी आंबा. आगोटीला चार महिन्यांच्या सरपणाची बेगमी करायला माणसं यायची तेव्हा काट्यावर मी उभा असायचो. जाणतं गिऱ्हाईक दोन फाटी हातात घेऊन एकमेकांवर आपटायचं. टणत्कार आला तर घ्यायचं, बद्द वाजलं तर बाजूला टाकायचं. माल वजनावर, म्हणजे ओलं लाकूड घेणारा पाण्याचे पैसे देणार. इथे माल मापावर मिळतो. एक कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब चवड, १२८ घनफूट. ओलं असो की सुकं, माप तेच. त्यामुळे ओलाव्याकडे बघायची माझी जुनी सवय इथे आल्यावर सुटली होती.

२०१५च्या ऑगस्टमध्ये मी सात कॉर्ड ओंडके घेतले. कॉर्डमागे १३० डॉलर पडले. फोडलेलं तेव्हा आमच्याकडे दोनशेच्या वर होतं. विकणारा म्हणाला, माल वर्षभर पडून आहे, सुकलेलाच समजा. ट्रकवरच्या पंज्याने त्याने ओंडके अंगणात रचले. शुगर मेपल, बीच आणि बराचसा रेड ओक. टोकांना तडे दिसत होते, त्यावर माझा विश्वास बसला. सप्टेंबरभर मी सोळा-सोळा इंचांचे तुकडे पाडले, भाड्याच्या यंत्रावर फोडले, चवड रचली. नोव्हेंबरात जाळायला सुरुवात केली. लाकूड चुरचुरायचं, कापलेल्या टोकातून फेस यायचा, शेगडीच्या दाराची काच दोन दिवसांत काळी व्हायची. शेगडी रात्री धुमसत ठेवायची इथली रीत आहे, तसं हवेचं दार बंद करून आम्ही झोपायचो. ओल्या लाकडाची बरीच ऊब स्वतःतलं पाणी उकळण्यात जाते, आणि तो गार, दमट धूर वर चढताना धुराड्याच्या आतल्या अंगाला डांबरासारखा चिकटतो. त्याला इथे क्रिओसोट म्हणतात. ते पेटतं.

जानेवारीत एका रात्री पेटलं. बोगद्यातून गाडी धडधडत यावी तसा आवाज भिंतीतून येत होता. हवेचं दार गच्च लावलं, ९११ला फोन केला आणि उणे बावीस अंशांत बायको-मुलांना घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. गावातले स्वयंसेवक बंब घेऊन आले. घर वाचलं. धुराड्याच्या आतल्या मातीच्या नळ्या तडकल्या होत्या. त्यात स्टीलची नळी घालून घ्यायला जो खर्च आला, त्यात ओंडक्यांमुळे वाचलेले पैसे केव्हाच संपले.

न्यू जर्सीहून माझा मेहुणा आला. म्हणाला, "भावोजी, मी आधीच सांगत होतो, तयार सरपण घ्या. ओंडक्यांचा नाद वाईट." तो हे आजही म्हणतो, प्रत्येक दिवाळीला, चारचौघांत. वडिलांना फोन केला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "फोडल्यावर किती दिवस ठेवलं होतंस?" मी म्हटलं, सहा आठवडे. "मग ओंडक्यांना का दोष देतोस?"

हेच मेहुण्याला कळत नाही. सालीसकट पडलेला ओंडका दोन वर्षं पडला तरी आतून ओलाच राहतो. टोकाचे तडे फक्त टोक सुकल्याचं सांगतात. लाकूड सुकू लागतं ते कापून, फोडून, वारा लागेल असं रचल्यावर. अ‍ॅश नावाच्या झाडाचं लाकूड एका उन्हाळ्यात सुकतं, कारण ते मुळातच कमी ओलं असतं. मेपल आणि बीचला वर्ष द्या. ओकला दोन उन्हाळे, त्यात तडजोड नाही. आणि "सुकलेलं" म्हणून विकलेलं फोडीव सरपण मी मेहुण्याच्याच आग्रहावरून पुढच्या वर्षी घेतलं, तर तेही ओलावा मोजायच्या मीटरवर तीस टक्क्यांच्या वर निघालं. मीटर टोकाला लावू नका. फाटा मधोमध नव्याने फोडा आणि आतल्या बाजूला लावा, वीस टक्क्यांच्या खाली हवं.

२०१७पासून माझ्याकडे कायम दोन हिवाळ्यांचा साठा असतो. आमच्या घराला हिवाळ्याला पाच कॉर्ड लागतात. धुराडं दरवर्षी साफ करून घेतो, दोन-चार मुठी सुकी काजळी निघते. मेहुण्याने येऊन ती बघावी.

ओंडके मागवायचे तर थंडीत मागवा. जमीन गोठलेली असताना ओढलेल्या ओंडक्यांच्या सालीत चिखल नसतो. चिखलातली वाळू करवतीची साखळी मिनिटात बोथट करते. मार्च-एप्रिलमध्ये रस्ते मऊ पडले की गावं जड ट्रकना बंदी घालतात, मग मे उजाडतो. ट्रकचा पंजा उघडेल एवढी मोकळी जागा ठेवा, वर विजेच्या तारा नकोत, आणि खाली दोन आडवी लाकडं टाका म्हणजे करवत जमिनीला लागणार नाही. सध्या अ‍ॅश भरपूर येतो, कारण ज्याची अळी त्याला आतून पोखरते तो हिरवा भुंगेरा २०१८मध्ये व्हरमाँटमध्ये सापडला आणि लोक झाडं मरायच्या आत काढताहेत. त्याच कारणासाठी नदीपलीकडून, न्यू हॅम्पशायरमधून सरपण आणू नका. प्रक्रिया न केलेलं बाहेरचं सरपण राज्यात आणायला २०१६पासून बंदी आहे.

आणि सात कॉर्ड ओंडक्यांची फोडून रचलेली चवड सात कॉर्ड भरत नाही. माझी जेमतेम सहा भरली. वाकडे ओंडके, करवतीचा भुसा, सगळं त्यात आलं. दराचा हिशोब त्यावरून करा.

कंबर दुखरी असेल किंवा घरी करवत चालवताना दुसरं कुणी जवळपास नसणार असेल, तर हा उद्योग करू नका, फोडलेलंच घ्या, पण या वसंतात पुढच्या वर्षाचं. या हिवाळ्यापुरतं भट्टीत सुकवलेलं सरपण मिळतं, महाग असतं, तेवढं घ्या. शेगडीची आतली लांबी आधी मोजा. ओंडके आले की टोकांचे आणि सालीचे फोटो टाका, कुठलं झाड ते मी सांगेन.